लंडनची एलएलबी: शुक्रवारच्या आत सांगा

नमस्कार मंडळी,
आर्याला लंडनहून ऑफर आलीय. एलएलबी, बारावीनंतर थेट तीन वर्षं. शुक्रवारी डिपॉझिट भरायचंय. तिला परत येऊन इथेच वकिली करायचीय, आणि रविवारी हॉलवर वकीलकाका म्हणाले की ती डिग्री इथे चालत नाही. मला दोन रात्री झोप नाही.
— आर्याची आई, दांडिया बाजार, बडोदा

वहिनी,
मी ‘थेट चालत नाही’ म्हटलं होतं. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन. तिची दोन वर्षं कमी पडतात, ती भरून काढायला बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, ब्रिज कोर्स करायला लावते. मग परदेशी डिग्रीवाल्यांची पात्रता परीक्षा, मग सनद, वर ऑल इंडिया बार एक्झाम. ती युनिव्हर्सिटी बार कौन्सिलच्या यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघा. माझं मत विचाराल तर बी.ए. आणि एलएलबी इथे सयाजीराव युनिव्हर्सिटीत, मग वर्षभराचं एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स, लंडनला. उलटतपासणी इथल्या कोर्टात उभं राहूनच येते.
— वकीलकाका

काका, एलएलएमला जाईपर्यंत पोरगी तेवीस-चोविसाची होते. माझा भाचा अठराव्या वर्षी तिकडे शिकायला गेला. ट्यूटोरियलला, म्हणजे छोट्या गटाच्या तासाला, आठ जण, त्यात नायजेरियाची एक, मलेशियाचे दोघे. पहिल्याच आठवड्यात 1932 चा गोगलगाईचा खटला: जिंजर बिअरच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली, भरपाई कोणी द्यायची? प्रत्येकाने आपापल्या देशात काय होतं ते सांगितलं. तो म्हणतो, कायदा मी त्या टेबलावर शिकलो. हे इथे कुठून मिळणार?
— मंगेशची आई

तोच खटला आम्ही इथे बडोद्यात शिकलो, ताई.
— वकीलकाका

डिग्रीचं नंतर बघा, आधी पासबुक उघडा. व्हिसासाठी रक्कम सलग 28 दिवस खात्यात लागते. मध्ये एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. आणि खातं तिचं किंवा आई-वडिलांचंच. आम्ही आजोबांच्या खात्याचं स्टेटमेंट लावलं आणि व्हिसा नाकारला गेला. खातं तुमचं असेल तर तिचा जन्मदाखला, तुमचं संमतिपत्र आत्ताच काढून ठेवा.
— सुहास, रावपुरा

आपल्या मंडळाच्या विद्यार्थी निधीबद्दल तिघांनी मला परस्पर फोन केले. अर्ज समितीकडेच द्यावा, या मेल लिस्टवर चर्चा नको. आणि रविवारी कुणीतरी म्हणालं की सयाजीरावांनी बाबासाहेबांना बॅरिस्टरीला पाठवलं, ते बरोबर नाही. सयाजीरावांची 1913 ची शिष्यवृत्ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला होती. लंडनला ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले ते पुढे. आपल्या गावची गोष्ट आहे, नीट सांगूया.
— खजिनदार

आमची रक्कम खात्यात येऊन आज 11 दिवस झाले, सुहासभाऊ. हात लावत नाही. डिपॉझिटला मुदत वाढवून मागितलीय. काका, उद्या संध्याकाळी यादी बघायला येऊ का? आर्यालाही आणते, तिला तुम्हाला बरंच विचारायचंय.
— आर्याची आई