टायरच्या हवेचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो, पंक्चर मात्र सापडत नाही

देवगडची_लेक
नमस्कार. गाडी चार वर्षांची, ट्यूबलेस टायर, अलॉय रिम. महिन्यातून दोनदा आईला डोळे दाखवायला देवगडहून कोल्हापूरला नेते, गगनबावड्याच्या घाटाने. गेल्या दीड महिन्यात डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, घोड्याच्या नालेसारखा आणि मध्ये उद्गारचिन्ह असलेला, तीनदा लागला. दर वेळी सकाळीच, गाडी अंगणातून काढताना. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की कधी कधी आपोआप विझतो. तिन्ही वेळा कोल्हापुरात पोचल्यावर पंपावर चारही चाकांत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून घेतली. इथे पंक्चरवाल्याने चाकं फिरवून बघितली, खिळा नाही, काच नाही. 'चाकातला हवा मोजणारा सेन्सर गेला असेल, लक्ष देऊ नका' म्हणाला. पण घाटात आई शेजारी बसलेली असताना लक्ष कसं देऊ नको? काय तपासू, कोणाला दाखवू?

कुडाळचो_झील
माका पण ह्योच त्रास होतो. व्हॉल्व्हची पिन बदलली, बंद झालो. आधी ती बघा.

चाकं_आणि_रस्ते
ताई, दिवा दुर्लक्ष करण्याची वस्तू नाही. रत्नागिरीत वीस वर्षं टायरचंच काम करतोय, म्हणून दोन गोष्टी आधी विचारतो.

गाडी चालू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होतो, की सरळ स्थिरच लागतो? लुकलुकला तर बिघाड यंत्रणेत. बहुतेकदा सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती साधारण ५ ते १० वर्षं चालते आणि सुटी बदलत नाहीत, सेन्सरच नवा घालावा लागतो. स्थिर लागला तर सेन्सर ठणठणीत आहे आणि हवा खरंच कमी आहे.

दुसरं, हवा मोजायचं स्वतःचं एक गेज घ्या. गाडी रात्रभर उभी राहू दे आणि पहाटे ऊन लागायच्या आत चारही चाकांची हवा मोजून कागदावर लिहा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडाही सांगा.

देवगडची_लेक
दिवा स्थिरच लागतो. स्टिकरवर ३३ आहे. आज पहाटे साडेसहाला मोजली: पुढची दोन्ही २९, मागचं उजवं २९, मागचं डावं २५. कोल्हापूरला हवा भरून आठ दिवस झाले.

चाकं_आणि_रस्ते
छान मोजलंत, यातच सगळं आलं. तुमच्याकडे एक नाही, दोन कारणं आहेत.

तीन चाकं सारखी २९. ती गळत नाहीत. ती भरली गेली तेव्हा गरम होती. घाट चढून, शंभराहून जास्त किलोमीटर धावून आलेल्या टायरची हवा थंड असतानापेक्षा ३ ते ५ ने जास्त दाखवते. पंपावर गेज ३३ दाखवत होतं, पण ती गरम ३३ होती. थंड झाल्यावर २९. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे निदान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा. शिवाय तापमान ५-६ अंशांनी उतरलं की हवा साधारण १ ने उतरते. म्हणून दिवा पहाटे लागतो, आणि टायर तापले की विझतो. विझला म्हणजे हवा परत आली असं नाही.

आता मागचं डावं. ते इतरांपेक्षा ४ ने खाली, म्हणजे हळूहळू गळतंय. बऱ्याच गाड्यांत दिवा लागतो तो हवा ठरलेल्या आकड्याच्या पाव भागाने उतरली की. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली, तिथल्या नियमात २५ टक्केच आहे. तुमचं ३३ चं २५ झालं, हिशोब जुळतो. पण दिवा लागेपर्यंत टायरची कड बरीच दबून चालते आणि आतून तापते, म्हणून दिव्याची वाट बघू नये.

खिळा सापडला नाही तर आपल्या किनाऱ्यावर मी दोन जागा हमखास बघतो, व्हॉल्व्ह आणि रिमची कड. अलॉय रिम ॲल्युमिनियमची. खाऱ्या हवेने तिच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, रंग फुगतो, आणि टायर जिथे रिमला चिकटून बसतो तिथून हवा केसाएवढ्या फटीतून जाते. पंक्चरवाला टायरचा पट्टा बघतो, ही कड बघायची राहून जाते. घर समुद्राजवळ आहे का?

घाटवाट
एक भर घालतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे तेच टायर खाली किनाऱ्यावर आल्यावर गेजवर जवळपास १ ने कमी दाखवतं. खाली उष्मा जास्त असल्याने थोडं भरून निघतं, तरी हवा आपल्या घरी, आपल्या पहाटे मोजावी हे बरं.

आणि काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. एबीएसवरून (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) कुठलं चाक जास्त वेगाने फिरतंय ते बघून अंदाज बांधतात. अशा गाडीत हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबावंच लागतं.

देवगडची_लेक
घर खाडीच्या तोंडाशी, गाडी माडाखाली उघड्यावर. धुते विहिरीच्या पाण्याने, ते उन्हाळ्यात मचूळ असतं. चाकाचं कधी मनातही आलं नव्हतं.

चाकं_आणि_रस्ते
मग रिमच. साबणाचं पाणी करून व्हॉल्व्हवर आणि कडेला गोल ओता, दोन मिनिटं थांबा. फुगे दिसले तर टायर उतरवून कड घासून घ्या. मशीनवर घालायच्या आधी 'आत सेन्सर आहे' हे सांगायला विसरू नका, टायर सोडवताना तो तुटतो. आणि गळती थांबवणारं ते द्रव आत ओतू देऊ नका, सेन्सरचं भोक बुजतं.

देवगडची_लेक
काल काम झालं. आधी घरीच केलं. व्हॉल्व्हवर काही नाही. रिमच्या आतल्या बाजूला, खाली वाकून टॉर्च मारल्यावर, वीतभर जागेत बारीक फेस येत होता, मोहरीएवढे फुगे एकामागून एक. कणकवलीला टायर उतरवला. त्या जागी पांढरे पोपडे होते, नखाने सुटत होते. त्यांनी तारेच्या ब्रशने घासून, पुसून, सीलर लावून टायर परत बसवला. मागच्या डाव्या व्हॉल्व्हचं पितळी टोपण खाऱ्याने धरलं होतं, जोर केला असता तर दांडीच तुटली असती. आता चारही चाकांना प्लास्टिकची टोपणं घातली.

आज पहाटे चारही ३३. आईने कागदावर तारीख घालून लिहून ठेवलंय. पुढच्या सोमवारी पुन्हा मोजून इथेच सांगते.