मदत हवी आहे : पडलेली वाटणारी जुनी ड्यूक २०० बाइक घेऊ का?

सांगलीत २०१९ची ड्यूक २०० बघितली. २६ हजार किलोमीटर, मालक ९५ हजार म्हणतोय. सकाळी आठला गेलो तर इंजिन आधीच गरम! 'आत्ताच दूध आणायला गेलो होतो' म्हणे. गाडी चकाचक, पण हँडल पूर्ण वळवलं की डावीकडचा स्टॉपर (हँडल अडवणारा खुंट) चेपलेला दिसतो, पुढच्या फोर्कच्या (शॉकअपच्या) नळीवर तेलाची ओलसर कडही आहे. पडलेली असणारच, तो मानत नाही.

आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच. कर्ज फिटलंय म्हणतो, मग बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत ना?

फ्रेम सरळ आहे का, हे घरच्या घरी कसं तपासायचं? रविवारी पुन्हा जातोय, न कळवता. गार इंजिन चालू केल्यावर नेमका कोणता आवाज ऐकायचा?