भाचा रात्री पाम बीच रोडवर बाइकच्या रेस लावतो, कसं थांबवावं? (मदत हवी आहे)

खाडीकिनारा:

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण इथे बाइकवेडे आहेत, कायद्याचे जाणकार आहेत आणि तरुण मुलांचे पालकही आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

माझ्या ताईचा मुलगा १९ वर्षांचा आहे, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पक्कं लायसन्स आहे. बाइक दोनशे सीसीची, भावोजींच्या नावावर. शनिवारी रात्री बारानंतर "चहाला जातो" सांगून बाहेर पडतो आणि मित्रांबरोबर पाम बीच रोडला रेस लावतो. ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: नवी मुंबईत वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे दहा किलोमीटर, रुंद, मधे दुभाजक, एका अंगाला खाडी आणि खारफुटी. दिवसा सिग्नलला गर्दी असते. रात्री मोराज सर्कलवरून निघालं की समोर नुसता मोकळा डांबरी रस्ता, आणि या पोरांना तेवढंच हवं असतं.

मला हे कळलं ते माझ्या मुलीने दाखवलेल्या रीलमुळे. टाकीवर फोन बसवून काढलेला व्हिडिओ. मीटर ११८ दाखवतोय, बाजूने दुसरी बाइक हातभर अंतरावरून पुढे जातेय, आणि मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरलाय. बाइकचे दोन्ही आरसे काढलेले. नंबर प्लेट वर वाकवलेली, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. सायलेन्सरमधला डीबी किलर (आवाज दाबणारा भाग) काढल्यामुळे आवाज असा की माझ्या मुलीने पटकन फोनचा आवाज बंद केला. खाली दोनशेच्या वर कमेंट्स, सगळ्या "भावा, नाद खुळा" छापाच्या.

मुलगा उनाड नाही हो. व्यसन नाही, अभ्यासात बरा आहे, आजीला दवाखान्यात तोच नेतो. मी विचारलं तेव्हा खोटंही बोलला नाही. म्हणाला, "मामा, रस्ता रिकामा असतो. मी हेल्मेट, जॅकेट, ग्लव्ह्ज सगळं घालतो. बाकीच्यांसारखा चपलेवर नाही जात." त्याला खरोखर वाटतं की आपण काळजी घेतोय.

मी कागद घेऊन बसलो त्याच्यासमोर, कारण त्याला आकडे पटतात. समोर काही आडवं आलं हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ला गाडी थांबायला वीसेक मीटर लागतात. ८० ला ५८ मीटर. ११० ला जवळपास शंभर. आणि रात्री हेडलाइटच्या लो बीममध्ये नीट दिसतं ते पन्नास मीटरच्या आसपास. म्हणजे जे दिसेल त्याच्या आधी थांबणं शक्यच नाही. तो गप्प बसला, मग म्हणाला, "पण आडवं येणार कोण?" सारसोळ्याचे कोळी पहाटे जेट्टीकडे जातात. सिक्युरिटीवाले सायकलवरून पाळी संपवून घरी निघतात. कुत्री आहेत. हे सगळं त्याला माहीत आहे, कारण तो इथेच वाढलाय.

घरात यावर एकमत नाही. भावोजी म्हणतात या वयात सगळेच पळवतात, लग्न झालं की थांबेल. ताई म्हणते उद्याच बाइक विकू. मला भीती ही की बाइक विकली तर तो मित्राच्या गाडीवर बसेल, जिचे ब्रेक-टायर त्याला ठाऊक नाहीत, आणि मग आपल्याला कळणारही नाही.

तर विचारायचं असं. या वयाच्या मुलाशी नेमकं काय बोललं तर आत पोचतं? ज्यांनी स्वतः असं केलं आणि सोडलं, त्यांनी का सोडलं? पोलिसांना कळवलं तर त्याचं नाव कायमचं खराब होईल का? आणि काही झालंच तर भावोजींवर काय येतं, गाडी त्यांच्या नावावर आहे म्हणून विचारतो. भाषण देऊन झालंय, उपयोग झालेला नाही. त्यामुळे कृपया अनुभवाचं सांगा.

गिअरबॉक्स:

मी चारेक वर्षं हेच करत होतो, ठाण्याच्या घोडबंदर रोडला. सोडलं ते कुणाच्या सांगण्याने नाही. एकदा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर ट्रॅक डे ला गेलो, म्हणजे फी भरून आपली बाइक ट्रॅकवर चालवायचा दिवस. तिथे आधी तुमची बाइक तपासतात: टायर, चेन, ब्रेक पॅड, तेलगळती. आरसे आणि इंडिकेटरला टेप लावतात, फुटून काचा ट्रॅकवर पडू नयेत म्हणून. लेदर सूट नसेल तर आत सोडत नाहीत. वळणाबाहेर घसरायला मोकळी जागा असते, झेंडे घेतलेले मार्शल असतात, अॅम्ब्युलन्स उभी असते. समोरून कुणी येत नाही. आणि मग कळतं की आपल्याला काहीच येत नाही. सोळा वर्षांची पोरं माझ्यापेक्षा छोट्या बाइकवर आतून काढून पुढे गेली. सरळ रस्त्यावर थ्रॉटल पिळायला डोकं लागत नाही, ब्रेक कधी मारायचा यात सगळा खेळ आहे. त्यानंतर घोडबंदरची मजाच गेली.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला दुसरा ट्रॅक आहे, तिथेही शिकवतात. महाराष्ट्रात म्हणाल तर कोल्हापूरला गो-कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे, लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसचे कार्यक्रम झालेले आहेत. खर्च होतो, मान्य. पण बाइक विकण्यापेक्षा त्याला एकदा तिकडे न्या, आणि स्वतः बरोबर जा.

एक मात्र आत्ताच करा. आरसे परत लावा आणि प्लेट सरळ करा. त्याला सांगा, ट्रॅकवर न्यायचं ते याच अटीवर. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) आहे म्हणून तो निर्धास्त असेल तर तेही समजावा. त्यामुळे हँडल हातात राहतं. शंभर मीटरचे पन्नास होत नाहीत.

वॉर्ड७:

मी ट्रॉमा वॉर्डात, म्हणजे अपघातातल्या जखमींच्या वॉर्डात, सिस्टर आहे. गिअरबॉक्स यांचा सल्ला चांगला आहे, पण ट्रॅकवरून आल्यावरही रस्त्यावर पळवणारी मुलं मी पाहिली आहेत. तेवढ्यावर विसंबू नका.

मुलांच्या डोक्यात दोनच शक्यता असतात: एक तर काही होणार नाही, नाहीतर एका झटक्यात सगळं संपेल. मधलं काही त्यांना दिसत नाही, आणि आमचा वॉर्ड त्या मधल्यांनीच भरलेला असतो. बाइकवरून खांद्यावर आपटलं की मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला जातो. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणतात किंवा मुळापासून उपटतात. याला ब्रेकियल प्लेक्सस इजा म्हणतात. हेल्मेट असतं, डोकं शाबूत असतं, हाड मोडलेलं असेल-नसेल. हात मात्र लोंबतो. विशीतला मुलगा डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवतो आणि रात्री ओरडतो, कारण ज्या हाताला स्पर्श कळत नाही त्यात आग होत असते. ऑपरेशनं होतात, वर्षभर फिजिओ चालतो, तरी पूर्वीसारखा हात क्वचितच मिळतो. तुमचा भाचा इंजिनीअर होणार आहे ना? त्याला हे सांगा. मरणाची भीती घालू नका, त्या वयात ती लागत नाही.

अपघाताचे रक्ताळलेले व्हिडिओ दाखवू नका. मुलं दोन दिवस हादरतात आणि मग दगड होतात. त्यापेक्षा यातून गेलेल्या एखाद्या मुलाशी, त्याची तयारी असेल तर, अर्धा तास गप्पा मारू द्या. आम्ही असं जुळवून दिलेलं आहे.

कागदपत्रे:

कायद्याचं आणि विम्याचं मी सांगतो, कामच ते आहे.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन निलंबनासाठी पाठवू शकतात. सायलेन्सरचा उद्योग वेगळा, त्यासाठी बदल केलेल्या गाडीच्या मालकावर, म्हणजे तुमच्या भावोजींवर, वेगळी कारवाई होऊ शकते. मुलगा अठराच्या आतला असता तर कलम १९९अ खाली पालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड होता. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर हे कलम घराघरांत माहीत झालं. तुमचा भाचा १९ चा आहे, म्हणजे स्वतःच्या कृत्याला तो स्वतः जबाबदार. त्याच्यामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

विमा ही भावोजींना जागं करणारी गोष्ट ठरेल. पॉलिसीवर "वापराच्या मर्यादा" नावाचा परिच्छेद असतो, तो त्यांना वाचायला लावा. आयोजित शर्यत आणि वेगचाचणीसाठी केलेला वापर त्यात वगळलेला असतो. मित्रांनी ठरवून लावलेली रेस "आयोजित" म्हणायची का यावर कोर्टात भांडता येतं, पण ते भांडण वर्षानुवर्षं भावोजींनाच लढावं लागेल. हरले तर समोरच्या माणसाची नुकसानभरपाई शेवटी गाडीमालकाच्या गळ्यात. आणि १५ लाखांचं सक्तीचं अपघात कवच असतं ते मालक-चालकाला. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतोय मुलगा, तर त्या कवचातून मुलाला काहीही मिळत नाही. स्वतंत्र अपघात विमा काढा, पण त्यातही शर्यतीचं कलम बघून घ्या.

पोलिसांबद्दल: भाच्याचं नाव देण्याची गरज नाही. अमुक रस्ता, अमुक वार, अमुक वेळ, एवढं वाहतूक शाखेला लेखी कळवा. चालू रेस दिसली तर ११२ या आपत्कालीन नंबरला फोन करा.

मेलबर्नकर:

इकडचं थोडं सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २१ च्या आतल्या मुलाला कारचं लायसन्स हवं तर आधी १२० तास कुणा अनुभवी माणसाला शेजारी बसवून चालवावं लागतं, त्याची वही भरावी लागते. मग गाडीवर एक वर्ष लाल पी पाटी (नवखा चालक असल्याची खूण), त्यानंतर तीन वर्षं हिरवी. लाल पाटी असताना समवयस्क मित्र एकच बसवता येतो, कारण गाडीत दोस्त वाढले की पोरं जोरात मारतात हे सगळीकडे दिसलंय. नवख्या बाइकवाल्याला ताकदवान बाइक देतच नाहीत. आणि रस्त्यावर रेस लावताना सापडलात तर गाडी जागेवर जप्त होते, ३० दिवस. दंडापेक्षा हेच जास्त झोंबतं, कारण महिनाभर पायी फिरताना सगळ्यांना दिसतो.

आपल्याकडे अठराव्या वर्षी आठचा आकडा काढून दाखवला की त्याच लायसन्सवर हजार सीसीची बाइकही चालते. मला याचा फार राग येतो. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. सरकार बदलेल तेव्हा बदलेल, घरात हा नियम तुम्ही लावू शकता: गाडी घरची आहे, रात्री अकरानंतर चावी ताईकडे. विकायची नाही, पण सापडला तर तीस दिवस बंद.

खाडीकिनारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद ताईला मोठ्याने वाचून दाखवला. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, भाच्याची अशी भेट जुळवता आली तर बघा.

कागदपत्रे यांचं लिहिलेलं भावोजींना दाखवलं. त्यांनी कपाटातून पॉलिसी काढली, चष्मा लावून तो परिच्छेद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "बोलू त्याच्याशी." चावीचा नियम लावायचं ठरलंय. आरसे बसवले तर ट्रॅकचा खर्च मी अर्धा उचलीन असं भाच्याला सांगितलं. हो म्हणालेला नाही, पण फी किती हे त्याने विचारलं.

आता रस्त्याबद्दल. एका ठिकाणी कॅमेरा असला की ही पोरं तेवढ्यापुरती हळू होतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजतात, तसं वाशी ते बेलापूर मोजलं तर मधे पिळून उपयोग नाही. त्याच्या जोडीला शनिवारी रात्री अक्षर चौकाजवळ नाकाबंदी आणि वाकवलेल्या प्लेटवर जागेवर कारवाई. चौकांच्या आधी रंबलर (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे उंचवट्यांचे पट्टे) आणि पादचाऱ्यांसाठी उंच क्रॉसिंग हवेत, पण दुचाकी पावसात घसरणार नाही असे. हा अर्ज महापालिका, वाहतूक शाखा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, तिघांनाही द्यायचा विचार आहे. मसुदा मी लिहितोय. रंबलरच्या जागा आणि अंतर याबद्दल रस्ते बांधणीतल्या कुणाला नीट सांगता येईल का? आणि नेरूळ, सीवूड्स, सानपाड्याच्या ज्यांना आपल्या सोसायटीतर्फे सही करायची असेल त्यांनी इथेच कळवा, म्हणजे एकत्र जाता येईल.