मदत हवी आहे: ‘द वेलिंग’मधला विधी नक्की कोणावर होता?

(शेवट उघड होतो. सिनेमा पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

दिग्दर्शक ना होंग-जिनचा कोरियन भयपट ‘द वेलिंग’ (२०१६) पाहून डोकं भणभणलंय. शेवटी मांत्रिकाकडच्या पेटीतून मृतांचे फोटो सांडतात, म्हणजे तो जपानी म्हाताऱ्याचाच साथीदार, इथवर पटलं. अडलंय ते मधल्या विधीपाशी. इकडे मांत्रिक लाकडी खांबात खिळे ठोकतोय, पोलिसाची मुलगी तडफडतेय आणि तिकडे म्हाताराही कोसळतो. दोघं एकाच बाजूचे, तर म्हाताऱ्याला त्रास का?

तो प्रसंग थांबवत थांबवत परत पाहिला. नेटवर दोन टोकांची मतं सापडली. काहींच्या मते ही नुसती संकलनाची चलाखी: खिळे मुलीसाठीच होते, म्हाताऱ्यावर वार केला तो पांढऱ्या कपड्यांतल्या बाईने. मग ती तसं करताना दाखवली का नाही? इतरांच्या मते मांत्रिक तोवर प्रामाणिक होता, नंतर फिरला. हे मला तरी ओढूनताणून वाटतं.

मला कोरियन येत नाही, त्यामुळे सबटायटलमध्ये काही निसटलं असेल. ‘मुद्दामच संदिग्ध ठेवलंय’ हे उत्तर कृपया नको, पडद्यावरचा पुरावा हवाय. बापाने विधी मध्येच थांबवला, त्याने मुलगी तेव्हा वाचली की तिथेच फसली?