‘पाइप करा’ला मराठीत काय म्हणायचं?

सदाशिवपेठी: टर्मिनलच्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या) मराठी पुस्तिकेत एक वाक्य अडलंय: ‘कॅटचं आउटपुट ग्रेपला पाइप करा.’ मी ‘नळाने जोडा’ लिहिलं, ते तपासताना खोडलं गेलं; म्हणे नळ म्हणजे तोटी. उदाहरण असं:
कॅट नोंदी | ग्रेप चूक | डब्ल्यूसी -एल
कॅट फाइल वाचून पुढे देतो, ग्रेप शब्द असलेल्या ओळी निवडतो, डब्ल्यूसी -एल ओळी मोजतो; मधली उभी रेघ म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारा पाइप. ‘चूक’ असलेल्या ओळी मोजायच्या आहेत. क्रियापद सुचवा.

कोथरूडकर: तोटी हा आजचा अर्थ झाला. ‘कात्रजचा नळ’ म्हणजे पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणण्यासाठी बांधलेला भुयारी मार्ग. पुण्यात तरी नळ खोडायचं कारण नाही.

हडपसरकर: पण वाचणारा आजचा आहे. ‘ग्रेपला पाइप कर’ असंच सगळे बोलतात. संगणकतज्ज्ञ डग मॅकइलरॉय यांनी १९६४च्या टिपणात बागेतल्या रबरी नळीसारखे प्रोग्राम जोडता यावेत असं लिहिलं, १९७३मध्ये केन थॉम्सन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप आणला. शब्द तिथूनच आलाय, तो राहू द्या.

वारजेकर: ‘वाहिनी’ घ्या. जलवाहिनी, मलवाहिनी रोज छापून येतं.

हडपसरकर: छापून येतं, बोलतं कोण? प्लंबरसुद्धा पाइप, एल्बो आणि टी मागतो. ‘टी’ ही आज्ञा त्या टीवरूनच आली: एक धार फाइलमध्ये, दुसरी पुढे. तिला काय ‘त्रिमुखी’ म्हणणार?

एरंडवणेकर: नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं. ‘आधी कॅट चालवा, मग उत्तर ग्रेपला द्या’ असा अर्थ निघाला तर शिकणारा फसेल. दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी चालतात, मध्ये कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) हौद, म्हणजे तात्पुरती साठवण, असतो; लिनक्सवर तो सहसा ६५,५३६ बाइटचा. हौद भरला की लिहिणारा थांबतो, रिकामा झाला की वाचणारा. वाचणारा आधीच उठून गेला, उदाहरणार्थ ‘हेड -एन ५’ पाच ओळी घेऊन बंद झाला, तर पुढे लिहू पाहणाऱ्याला सिगपाइप हा १३ क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे थांबण्याची सूचना, मिळतो. म्हणून ‘सोडा’ म्हणा. कालव्यात पाणी सोडतात तसं ‘कॅटचं आउटपुट ग्रेपमध्ये सोडा’.

वारजेकर: मग आउटपुट फाइलमध्ये पाठवणाऱ्या ‘>’ला काय? तिथेही सोडाच?

एरंडवणेकर: तिथे ‘वळवा’. हा फरक पाळाच, कारण वळवताना शेल (टाइप केलेलं वाचून चालवणारा प्रोग्राम) आज्ञा सुरू होण्यापूर्वीच ती फाइल उघडून रिकामी करतं. सॉर्ट ही ओळी क्रमाने लावणारी आज्ञा घ्या: ‘सॉर्ट यादी > यादी’ केलं की यादी गेली. ‘सॉर्ट -ओ यादी यादी’ चालतं, कारण सॉर्ट सगळं वाचून झाल्यावर लिहितं.

कोथरूडकर: ‘सोडा’ला माझा विरोध आहे. ‘सोडून द्या’चा वास येतो. ‘ओळ सोडा’ म्हणजे वगळा की पाठवा?

एरंडवणेकर: ‘-मध्ये’ असल्यावर कुणी वगळा समजत नाही.

हडपसरकर: मुळात इथे कॅट कशाला? ‘ग्रेप -सी चूक नोंदी’ एवढ्यात ओळी मोजून होतात.

वारजेकर: शिकवताना कॅट हवा, डावीकडून उजवीकडे वाचता येतं. फक्त पुस्तिकेत ‘कॅट म्हणजे दाखवा’ लिहू नका. कॅट फाइली एकापुढे एक सांधून प्रमाण आउटपुटवर लिहितो. ते टर्मिनलला जोडलेलं असतं म्हणून आपल्याला दिसतं.

हडपसरकर: तरी एका फाइलीसाठी सांधणारा नको. ‘< नोंदी ग्रेप चूक | डब्ल्यूसी -एल’ लिहा, तेही डावीकडूनच वाचता येतं.

वारजेकर: पहिल्या दिवशी फाइलीतून वाचायला लावणारा उलटा कोन दाखवणार? शिकणाऱ्यांनी तो चुकून फिरवला तर नोंदी फाइलच रिकामी होईल.