जनरेटरचं कोटेशन आणि सरांच्या गाडीतला पिवळा दिवा

रत्नागिरी, सोसायटीचा ग्रुप (ए आणि बी विंग)

सचिव, ए-४०१ (सकाळी ८.१०)
सर्व सभासदांना नमस्कार. जनरेटरवाला काल बघून गेला. इंजिनचं हेड गेलंय, लायनरला पाणी लागलंय आणि कॅनॉपी (बाहेरची पत्र्याची पेटी) खालून गंजून पोकळ झाली आहे. दुरुस्तीत पैसे घालू नका म्हणाला. नवीन ४० केव्हीएची (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) दोन कोटेशन आली आहेत. दोन्ही आपल्या अंदाजाच्या बरीच वर आहेत. कारण विचारलं तर दोघांचंही एकच उत्तर, "नवीन नॉर्म्स", म्हणजे धुराचे नवे नियम. गणपतीच्या आधी बसवायचा आहे, मतं कळवा.

बी-४०२
सोमवारी झाड पडून लाइट गेली तेव्हा सासूबाईंना खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. काय ते लवकर ठरवा, एवढीच विनंती.

बी-२०१
मिरकरवाड्यात माझ्या ओळखीत एक जुना ४० चा आहे, निम्म्याहून कमी पैशात मिळेल. इंजिन दणकट आहे. नवीन इंजिनात नुसते सेन्सर आणि वायरी. आपल्या खाऱ्या हवेत ते किती टिकणार? बोटीवर आम्ही रोज बघतो.

ए-१०१
भाऊ, जुना नको. जनरेटरचा पाइप आमच्या बेडरूमच्या खिडकीपासून जेमतेम आठ फुटांवर सुटतो. लाइट गेली की आधी मी खिडक्या लावायला धावते. तरी खिडकीच्या गजांवर काळं बसतंच, बोट फिरवलं की बोटाला येतं. पिल्लूला बाळदमा आहे, त्याचा नेब्युलायझर काढायची वेळ नेमकी लाइट गेल्यावरच येते. मी आतापर्यंत बोलले नव्हते, कारण लिफ्ट सगळ्यांनाच लागते.

सचिव, ए-४०१
वहिनी, हे आधी सांगायला हवं होतं. चूक आमचीही आहे, कमिटीतून कोणी खाली उभं राहून बघितलं नाही.

सर, बी-२०४
नॉर्म्सचा विषय निघालाच आहे तर माझी व्यथा सांगतो. २०२१ साली हौसेने डिझेल गाडी घेतली. आता दर दोन-तीन आठवड्यांनी पिवळा दिवा लागतो. गाडी बंद केली तरी पंखा घरघरत राहतो, जळका वास येतो. वर्कशॉपमध्ये गेलो की स्कॅनर लावतात, बिल देतात, महिन्याने पुन्हा तेच. आणि परवा एक मेसेज आला की १० वर्षं झालेल्या डिझेल गाड्या भंगारात घालणार. हे खरं आहे का? आयुष्यभराच्या पगारातून घेतलेली ही एकच नवी गाडी आहे माझी.

काका, बी-३०२
सर, तो मेसेज अर्धवट आहे. १० वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातला. हरित लवादाने २०१५ मध्ये तसा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला; २०२५ मध्ये कोर्टानेच तो सैल केला. महाराष्ट्रात असा नियम नाही. आपल्याकडे १५ वर्षांनी फिटनेस दाखवून फेरनोंदणी करता येते. कारची त्याची फी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. तुमच्या गाडीची बरीच वर्षं शिल्लक आहेत, निर्धास्त राहा.

पिवळ्या दिव्याचं सांगतो, पण आधी एक काम करा. बॉनेट उघडून डिपस्टिक काढा, पुसून परत घाला आणि ऑइल कुठपर्यंत दिसतं ते कळवा.

सर, बी-२०४ (सकाळी ९.०५)
वरच्या खुणेच्याही वर आहे. वाढलंय! मी तर काहीच ओतलं नाही. आणि डिझेलचा वास येतोय.

काका, बी-३०२ (सकाळी ९.४०)
मला वाटलंच होतं. आता सविस्तर लिहितो, कारण सरांच्या गाडीचं आणि आपल्या जनरेटरचं दुखणं एकच आहे. पिंपरी-चिंचवडला इंजिनच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, त्या अनुभवातून सांगतो.

१ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज नियम, सहावी पायरी. आपण बीएस-४ वरून मधली पायरी गाळून थेट सहावर गेलो. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आणलं. डिझेल कारला किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅम काजळी चालत होती, ती मर्यादा ०.००४५ वर आली. नायट्रोजन ऑक्साइड्स ०.२५ वरून ०.०८ वर. एवढी काजळी नुसतं इंजिन सुधारून थांबत नाही, म्हणून सायलेन्सरच्या वाटेत गाळणी बसवतात, तीच डीपीएफ. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची असते. काजळी तिच्यात अडकते, आणि साचली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून ती गाळणी ६०० अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात.

यासाठी गाडी एका वेगात पंधरा-वीस मिनिटं तरी पळायला हवी. सर, तुमची गाडी घर ते मारुती मंदिर, मारुती मंदिर ते बाजार, फार तर संध्याकाळी भाट्याला. गाळणी तापायला लागते तोवर तुम्ही किल्ली फिरवून उतरलेले असता. पंखा आणि जळका वास ही त्या अर्धवट राहिलेल्या कामाची खूण. जास्तीचं सोडलेलं डिझेल जळलं नाही की सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून ऑइल वाढलेलं दिसतं. वाढलेलं ऑइल म्हणजे पातळ झालेलं ऑइल, त्याने बेअरिंग खातात. आजच ऑइल बदला, मगच गाडी बाहेर काढा. मग दोघं मिळून हातखंब्याला जाऊ, तिथून हायवेने निवळीच्या पुढे, आणि परत. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून. दिवा विझेल असं वाटतं. नाही विझला तर वर्कशॉपमध्ये उभं राहून रिजनरेशन करून घेऊ.

मला राग याचा येतो की गाडी विकताना तुम्हाला कोणी विचारलं नाही की रोज किती किलोमीटर चालवता. पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला ही गाडी द्यायलाच नको होती.

ए-३०३
काका, अगदी बरोबर. माझी पिकअप पण बीएस-६ च आहे. हापूसच्या सीझनला एक दिवसाआड वाशी मार्केट. चार वर्षांत एकदाही तो दिवा लागला नाही. मला वाटायचं सरांची गाडीच खराब निघाली.

सर, बी-२०४
म्हणजे दोष गाडीचा नाही. मन हलकं झालं. पण मग एवढ्या छोट्या डिझेल गाड्या होत्या, त्या सगळ्या का बंद झाल्या?

काका, बी-३०२
तिथेही ही गाळणीच. मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केलं होतं की १ एप्रिल २०२० पासून डिझेल गाडी विकणार नाही. मोठ्या गाडीच्या किमतीत हा जास्तीचा खर्च मुरतो, छोट्या गाडीत मुरत नाही. रांजणगावला फियाटचं १.३ लिटरचं इंजिन बनायचं. स्विफ्टपासून पुंटोपर्यंत किती गाड्यांत ते एकच इंजिन होतं! ते संपलं तेव्हा आमच्यासारख्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. फक्त नियमांना दोष देणं मात्र बरोबर नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारने मोकळे केले आणि पेट्रोलशी असलेला फरक आक्रसला. डिझेल घेण्याचं निम्मं कारण तिथेच गेलं होतं.

आणि कारखान्यांनी विश्वासही घालवला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. चाचणीच्या वेळी गाडी स्वच्छ चालायची आणि रस्त्यावर धूर सोडायची, असं सॉफ्टवेअर जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. आपल्याकडेही ३ लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे प्रत्यक्ष रस्त्यावरचं उत्सर्जन मोजतात, त्याची गरज तेव्हा सगळ्यांना पटली.

बी-२०१
काका, गाडीचं पटलं. पण जनरेटर वर्षाकाठी किती तास चालतो? त्याला कशाला एवढी गाळणी?

काका, बी-३०२
भाऊ, वर्षाचे तास मोजू नका. चालतो तेव्हा तो पिल्लूच्या खिडकीशी चालतो, ते बघा. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच स्पष्ट म्हटलंय. तौक्तेच्या वेळी, मे २०२१ मध्ये, आपला जनरेटर रात्रभर चालू होता. पहाटे मी खाली गेलो तर ए विंगच्या भिंतीवर पाइपच्या समोर टोपलीएवढा काळा डाग पडला होता. आपण तो चुन्याने झाकला.

जनरेटरचे नवीन नॉर्म्स, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे (सीपीसीबी) सीपीसीबी-४ प्लस, १ जुलै २०२३ पासून आहेत. आपल्या मापाच्या इंजिनाला काजळीची मर्यादा किलोवॅट-तासाला ०.३ ग्रॅम होती, ती ०.०३ झाली. दहावा हिस्सा! पैसे त्याचेच मागतायत. पण सचिवसाहेब, चूक ४० च्या आकड्यात आहे.

लिफ्टची मोटर साडेपाच किलोवॅट, पाण्याचा पंप पावणेचार, जिना-पार्किंगचे दिवे एलईडी केल्यापासून दीड. सगळं एकदम चाललं तरी ११ च्या आत. ४० केव्हीए म्हणजे ३२ किलोवॅट. तो जनरेटर आयुष्यभर एक तृतीयांश भारावर चालणार, आणि लिफ्ट थांबली की नुसता दिव्यांवर. इंजिन कोमट राहणार, गाळणी कोंडणार, आणि एक दिवस सरांसारखा पिवळा दिवा. जुना घेतला तरी हीच गत, फक्त काजळी गाळणीऐवजी वहिनींच्या गजांवर. २५ केव्हीए घ्या. २० किलोवॅटला निम्म्याहून जास्त भार मिळेल, इंजिन तापेल. लिफ्टला व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं यंत्र) आहेच, पंपाला सॉफ्ट स्टार्टर लावू म्हणजे सुरू होतानाचा झटका बसणार नाही. कोटेशनमध्ये कोणती गाळणी आहे, ती कोंडली तर वॉरंटी काय, आणि सेन्सर बदलायला माणूस रत्नागिरीत आहे की पुण्याहून येणार, हे लिहून मागा.

सचिव, ए-४०१
१५ केव्हीएही चालेल का? ते अजून स्वस्त पडेल.

काका, बी-३०२
कसाबसा ओढेल. पण १९ किलोवॅटच्या आतल्या इंजिनांना काजळीची जुनीच मर्यादा आहे, ०.३. पैसे वाचतील आणि धूर तिथेच राहील. माझं मत २५ लाच.

आणि पाइप. सीपीसीबीचा हिशेब असा आहे की इमारतीच्या उंचीवर केव्हीएच्या वर्गमुळाचा पाचवा भाग मीटरमध्ये धरायचा. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे पाइप गच्चीच्या वर एक मीटर हवा. आपला पहिल्या मजल्याला संपतो. कुठलाही जनरेटर घ्या, पाइप वर न्यावाच लागेल.

बी-२०१
पाइपाचं काम माझ्याकडे द्या. बोटीच्या एक्झॉस्टला वापरतो तसा स्टेनलेसचा घेऊ, लोखंडाचा दोन पावसाळ्यांत जाईल. जुन्या जनरेटरचा विषय मी मागे घेतो.

सचिव, ए-४०१
काका, मी दर रविवारी जनरेटर दहा मिनिटं चालू करून बंद करायचो. ते योग्य होतं ना?

काका, बी-३०२
रिकामा चालवलात तर नुकसानच. पंप लावा, लिफ्ट वर-खाली करा आणि अर्धा तास चालू द्या. पाण्याची टाकी भरायची वेळ आणि चाचणीची वेळ एकच ठेवा.

ए-१०१
काका, भाऊ, सचिवदादा, मनापासून आभार. पाइपासाठी वेगळी वर्गणी काढायची असेल तर आमचे पहिले पैसे घ्या.

बी-४०२
वहिनी, तुम्ही एकट्या कशाला द्याल? पाइप सगळ्यांचा आहे.

सचिव, ए-४०१ (दुपारी १.३०)
दोन्ही ठिकाणी २५ केव्हीएचं सुधारित कोटेशन मागवलं आहे. रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवर जमू, पाइपाचा मार्ग ठरवू. भाऊ, लांब टेप तुमच्याकडे आहे ना?

बी-२०१
शंभर फुटी आहे. आणतो.

सर, बी-२०४ (संध्याकाळी ६.५०)
ऑइल बदललं. काकांबरोबर निवळीच्या पुढे जाऊन आलो. परतताना हातखंब्याच्या अलीकडे दिवा विझला. आता दर शनिवारी हातखंब्याजवळच्या पालीपर्यंत जायचं ठरवलंय. बी-४०२, तुमच्या सासूबाईंना पालीला यायचं असेल तर मागची सीट रिकामी आहे.