मोंद्रियानचं शेतघर म्हणजे नुसता सराव?

धागाकर्ती:
डच चित्रकार पीट मोंद्रियान म्हटलं की काळ्या रेघा आणि लाल-पिवळे-निळे चौकोन. त्यामुळे ॲम्स्टरडॅमजवळच्या डाउवेन्द्रेख्तचं शेतघर त्याने पुन्हा पुन्हा रंगवलं, तरी त्या चित्रांना 'चौकोनांची पूर्वतयारी' एवढीच किंमत मिळते. मला हे अजिबात पटत नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं, साधारण १९१६ चं चित्र बघा. उंच, निष्पर्ण झाडं, फांद्यांची बारीक जाळी, खाली पाण्यात उलटं पडलेलं घर. हे चित्र जागच्या जागी पूर्ण आहे.

प्रतिसाद, 'कुंचला':
असहमत. सही झाकली तर हेग शैलीच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या डच निसर्गचित्रांच्या गर्दीत हे चित्र ओळखूही येणार नाही. काका फ्रिट्स मोंद्रियान त्याच धाटणीचे चित्रकार, पुतण्या त्यांच्या हाताखाली तयार झाला. त्याचं सुरुवातीचं खरं धाडस बघायचं तर १९०८ चं 'ऊलेजवळचं रान' हे चित्र बघा. झाडं लाटांसारखी वळतात, रंग निसर्गाला सोडून पुढे जातात. शेतघरात असं काय आहे?

धागाकर्ती:
तारखा तर बघा! १९११ च्या अखेरीस तो पॅरिसला गेला, क्युबिझम (वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून रंगवण्याची शैली) पचवला. १९१४ मध्ये नेदरलँड्सला घरी आला आणि महायुद्धामुळे अडकला. १९१५ मध्ये समुद्राचं चित्र नुसत्या आडव्या-उभ्या छोट्या रेघांत केलं. त्यानंतर हे शेतघर आहे. पुढचा टप्पा गाठलेला माणूस मागच्याची तयारी कशाला करेल?

'कुंचला':
पोटासाठी. तेव्हा तो म्युझियममधल्या चित्रांच्या नकलाही करून देत होता.

'कुंचला' यांना, 'नदीकाठ':
पोटासाठी केलं म्हणून काम हलकं ठरत नाही, निदान मी तरी ठरवणार नाही. सालोमन स्लाइपर या संग्राहकाने मोंद्रियानची हीच आधीची चित्रं मोठ्या संख्येने घेतली, जपली. आज ती हेगच्या संग्रहालयात आहेत ती त्याच्या मृत्युपत्रामुळे. चौकोनांच्या कीर्तीची वाट बघत तो थांबला नव्हता.

'कुंचला':
स्लाइपरची आवड ही एका माणसाची आवड झाली. १९१९ मध्ये मोंद्रियान पॅरिसला परतला, तिथे पैशांसाठी फुलं रंगवत राहिला. शेतघराकडे मात्र वळला नाही. त्याला स्वतःला ते इतकं मोलाचं वाटत होतं, तर का नाही वळला?